बोटभर दुखणं

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपायच्या आतच अर्धे बाक रिकामे झाले होते. फादर पुढे आशीर्वाद देत होते आणि माणसं मागच्या दारानं सटकत होती, कारण आमच्या इलोकानो, म्हणजे उत्तर फिलिपिन्सहून आलेल्यांच्या, मंडळाच्या हॉलवर नंबर लावायचा होता. मी पोचले तेव्हा रांग हॉलच्या पायऱ्या उतरून, तांदळाच्या दुकानाला वळसा घालून न्हाव्याच्या दारापर्यंत गेली होती. चाकाच्या खुर्च्या होत्या, कुबड्या होत्या, आयांच्या खांद्यांवर मान टाकलेली पोरं होती. शतावरीचे कोंब कापण्यात उभा जन्म वाकून काढलेले, संसार कधी न झालेले म्हातारे मानोंग टोप्या छातीशी धरून उभे होते. आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग म्हणतात, बाईला मानांग. इथे अमेरिकेत, स्टॉकटनमध्ये, एवढी गर्दी मी फक्त कोंबड्यांच्या झुंजीला पाहिली होती, आणि तिथे निदान कोंबडा तरी खरा असतो.

आत, एरवी जिथे आमची लग्नं लागतात आणि निवडणुकीची भांडणं होतात, त्या मंचावर एक लांब टेबल मांडून त्यावर पांढरी चादर घातली होती. टेबलामागे ब्रदर सेल्सो उभे होते. मायदेशातल्या बागियोच्या डोंगरातून त्यांना आत्म्यांनी इकडे धाडलं होतं म्हणे. व्हिसाचंही आत्म्यांनीच बघितलं असावं. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. बाहीत काही लपवलेलं नाही, हे दाखवायला ते पुन्हा पुन्हा हात वर करत.

"ही बोटं माझी नाहीत," ते म्हणत होते. "मी नुसता नळ आहे. पाणी त्याचं." नळानं दानपेटी मात्र स्वतःच्या डाव्या हाताशी ठेवून घेतली होती. "कुणी मनात शंका घेऊन आलं असेल, तर त्यानं आत्ताच बाहेर जावं. शंकेनं माझे हात जड होतात."

माझ्या मनात शंकेखेरीज काही नव्हतं. वीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई मी. तरीही मी त्या रांगेत उभी राहिले होते ती लिओनिलासाठी.

लिओनिला पागादुआन माझी शेजारीण. आम्ही तिला निला म्हणायचो. टोमॅटोच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरची सडकी फळं वेचून काढायचं तिचं काम. हसरी, तोंडाळ, नाचात पहिली. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात उजवीकडे, बरगडीच्या जरा खाली, दुखायला लागलं. वाकलं की दुखायचं, कूस बदलली की दुखायचं, खोकली की कुणी सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं, नळी घालून जठर पाहिलं. काही सापडेना. शेवटी पित्ताशयाचा संशय घेऊन ते काढून टाकलं. पोटावर एक व्रण वाढला, दुखणं होतं तिथेच राहिलं. पुढच्या डॉक्टरनं आतडं नाजूक आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्यानं तिच्या नवऱ्याला, हर्मोला, बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात काही ताण आहे का?" आणि मनाच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

"माझं पोट दुखतंय आणि हे माझं डोकं तपासतायत," निला मला म्हणाली होती. तेव्हा ती अजून विनोद करायची.

मग विनोद थांबले. अन्न तुटलं. धाकट्या मुलानं धावत येऊन कमरेला मिठी मारली की ती किंचाळायची. हळूहळू मुलगा मिठी मारेनासा झाला. कारखान्यानं तिला कामावरून कमी केलं. आणि एका सकाळी मी साखर मागायला गेले, तर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, गाऊन वर केलेला, आणि हातातल्या फळं कापायच्या सुरीचं टोक पोटावर टेकवलेलं.

"निला! काय करतेयस?"

"इथेच आहे गं, मानांग पुरा," ती अगदी शांतपणे म्हणाली. "हे बघ, एवढंच. बोटाएवढं. सगळे मोठमोठं कापतात. मी एवढंच काढते."

मी सुरी काढून घेतली. मग आम्ही दोघी फरशीवर बसून रडलो. त्यानंतर तिनं ब्रदर सेल्सोचं नाव काढलं, तेव्हा 'नको' म्हणावं तर तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिचा नंबर आला. ब्रदरनी तिला टेबलावर आडवं केलं. "कुठे?" तिनं बोट ठेवलं. ब्रदरची बायको ओला टॉवेल आणि कापसाचं ताट घेऊन पुढे आली. त्यांनी टॉवेल त्या जागेवर दाबला, डोळे मिटले आणि लॅटिन वाटेल असं काहीतरी पुटपुटायला लागले. फादरांचं लॅटिन मी लहानपणापासून ऐकलंय. हे त्याचं चुलतभावंडही नव्हतं.

"आई गं! चावलं!" निला दचकली.

"हलू नको, मुली. आतला किडा चावणारच. जागा सोडताना चावतोच."

मग त्यांची बोटं तिच्या पोटात शिरली. म्हणजे शिरताना दिसली. बोटांच्या बाजूनं लाल पाझरलं, ओघळ चादरीवर आला. हॉलमधल्या बायका गुडघ्यांवर बसल्या. ब्रदरनी काहीतरी ओढून काढलं: काळपट, बुळबुळीत, सुपारीएवढं. ते वर धरून त्यांनी सगळ्यांना दाखवलं आणि बादलीत टाकलं. मग कापसानं पोट पुसलं. जखम नाही. ओरखडासुद्धा नाही.

"ऊठ."

निला उठली. आधी कोपरावर, मग ताठ. तिनं पोटाला हात लावला. दाबलं. जोरात दाबलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही.

"नाहीये," ती म्हणाली. "मानांग, नाहीये गं!"

ती मंचावरून उडी मारून उतरली. हर्मो धाय मोकलून रडत होता. तिनं मुलाला उचलून घेतलं, पोटाशी गच्च धरलं. हॉलमध्ये टाळ्या, किंकाळ्या, प्रार्थना. आणि मी, जी फसवणूक पकडायला आले होते, तोंड उघडं टाकून उभी. लबाडी मला दिसली होती. पण ती तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ उभी होती, हेही मला दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

निघताना ब्रदरनी तिला जवळ बोलावून आवाज खाली आणला. मी शेजारीच होते.

"हे आपोआप आलेलं नाही, मुली. कुणीतरी घातलेलं आहे. तुझ्या घरात एक बाई आहे. तुझ्यापेक्षा मोठी. स्वतःच्या हातानं तुला वाढते."

आमच्या कुठल्या घरात अशी बाई नसते? पण निलाचा चेहरा पांढरा पडला. तिच्या घरी तिची सासू होती, आपो सिक्स्ता; आपो म्हणजे आजी. ऐंशीला टेकलेली, तंबाखू ओढणारी, फटकळ म्हातारी. सुनेचं दुखणं सुरू झाल्यापासून सगळा स्वयंपाक तीच करायची.

संध्याकाळी जेवणं झाली आणि निलाचं दुखणं परत आलं. तसंच. तिथेच.

पुढच्या रविवारी ती पुन्हा रांगेत होती. ब्रदरकडे उत्तर तयार होतं. "किडा निघाला. पिल्लं राहिली आहेत." पुन्हा चावा, पुन्हा गोळा, पुन्हा ताठ उभी राहून घरी. पुन्हा संध्याकाळ. असं रविवारमागून रविवार चाललं. आठवड्यातली एक दुपार ती माणसासारखी जगायची आणि त्या एका दुपारसाठी उरलेले सहा दिवस काढायची. "सगळी पिल्लं घालणारी घरात बसली असताना मी तरी किती काढू?" ब्रदर सुस्कारा टाकून म्हणत.

घरात आपो सिक्स्ताचं पातेलं वेगळं झालं. मग ताट वेगळं झालं. मग तिची गादी मागच्या गॅरेजमध्ये गेली, गाडीच्या तेलाच्या डब्यांशेजारी. नातवंडांना तिच्याजवळ जायची बंदी झाली. हर्मो आईकडेही बघत नव्हता आणि बायकोकडेही. एकदा मी गॅरेजच्या दारात गेले, तर म्हातारी खुर्चीवर बसून वाल सोलत होती.

"कुणासाठी सोलताय, आपो?"

"कुणासाठी नाही. हातांना सवय आहे." मग वर न बघता म्हणाली, "पुरा, तू शिकलेली आहेस. खरं सांग, माणसाला माहीत नसताना त्याच्या हातून चेटूक होतं का?"

म्हातारीला स्वतःचाच संशय यायला लागला होता. मी काय बोलले आठवत नाही. घरी येऊन भांडी आदळली एवढं आठवतं.

त्या आठवड्यात निला माझ्याकडे बसली असताना सहज बोलून गेली, "ब्रदरच्या हातात काय थंडावा आहे गं! नंतर ती जागा नुसती बधिर होते. दाढ काढताना ओठ होतो ना, आपला असून आपला वाटत नाही, अगदी तस्सा."

माझा चहा हातातच राहिला.

"आधी काय होतं? नीट सांग."

"आधी चावतं. मग जळतं. मग बधिर."

टोचणं, जळजळ, बधिरपणा. नर्सच्या कामाच्या पहिल्या वर्षात शिकलेला क्रम तो. पुढच्या रविवारी मी तिला हॉलवरून थेट माझ्या घरी आणलं, पलंगावर झोपवलं आणि भिंग घेतलं. कापसानं कितीही पुसलं तरी एक लाल ठिपका होता, डास चावल्याएवढा. त्याच्याभोवती सुईचं टोक हलकेच टेकवत गेले.

"टोचतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही. आता... हो, आता टोचलं."

मधला रुपयाएवढा भाग साफ बधिर होता.

"निला, तो तुला सुई मारतोय. दातांचे डॉक्टर वापरतात ते बधिर करायचं औषध. टॉवेलाखालून."

ती उठून बसली. मला वाटलं, ती चिडेल त्याच्यावर. ती माझ्यावर चिडली. "मग? असेल सुई! तुमच्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून मला एक दुपार तरी दिली का? त्यानं दिली. चोर असला तरी त्याला माझं दुखणं थांबवता येतं. तुला येतं?"

तिचं खरं होतं. आणि तिच्या त्या बोलण्यातच खरी गोष्ट दडली होती. मला ती दिसली नाही. ती दिसली डॉक्टर ऑगार्डना.

रूथ ऑगार्ड आमच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग बघायच्या. उंच, हाडकुळ्या, बोलायला रोखठोक. सोमवारी मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. किडा, पिल्लं, बादली, सगळं. त्या जेवणाचं सँडविच खात ऐकत होत्या.

"भामटा आहे. पोलिसांना कळव. माझ्याकडे कशाला आलीस?"

"कारण सुईनंतर तिचं दुखणं जातं, डॉक्टर. कमी होत नाही, जातं. संध्याकाळपर्यंत."

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. "कुठे दुखतं म्हणालीस? सगळ्या पोटात?"

"नाही. बोट ठेवून दाखवते. नेहमी तिथेच."

"आणि सुई कातडीच्या खाली जाते, आत नाही?"

"छोटी सुई असणार. खोल जाणार नाही."

"अगं मग, पुरा, कातडीखालच्या औषधानं थांबणारं दुखणं आतड्यात असेलच कसं? घेऊन ये तिला. आजच."

निला यायला तयार नव्हती. पित्ताशय गेल्यापासून पांढऱ्या कोटाचं नाव काढलं की तिचे ओठ घट्ट मिटायचे. "ह्या बाईनं काही कापायचं नाही," या अटीवर आली.

डॉक्टरांनी एकही फोटो मागवला नाही. तिला टेबलावर उताणं झोपवलं, दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगितले. "बोट ठेव." निलानं ठेवलं. डॉक्टरांनी तिचं बोट उचलून तिथे स्वतःचं टेकवलं आणि दाबलं. निला कण्हली. "आता माझं बोट इथेच राहील. तू फक्त डोकं आणि खांदे वर उचल. उठू नको, नुसतं उचल."

निलानं मान उचलली आणि अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली.

"छान," डॉक्टर म्हणाल्या.

"हिला छान वाटतंय!" निला माझ्याकडे बघून दातओठ खात म्हणाली.

मग डॉक्टरांनी त्या जागेची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली. पुन्हा कळ. डावीकडे तशीच धरली. काही नाही. त्या स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

"ऐक. मान उचललीस की पोटाचे स्नायू ताठ होतात, ढालीसारखे. दुखणं पोटाच्या आत असतं, तर ढाल मध्ये आली असती, माझा दाब आत पोचला नसता आणि दुखणं कमी झालं असतं. तुझं वाढलं. म्हणजे दुखणं ढालीच्या आत नाही. ढालीतच आहे."

"ढालीत काय आहे?"

"नस. पाठीच्या कण्यातून निघते, बरगड्यांच्या बाजूनं पुढे येते आणि इथे, स्नायूच्या कडेला, एका अरुंद छिद्रातून वळून कातडीकडे येते. तिथे ती आवळली गेलीय. सुजलेल्या बोटात अंगठी अडकते तशी. फोटोत ती दिसत नाही. सगळ्यांनी यंत्रं लावून पोटाच्या आत बघितलं. पोटाला बोट लावून बघायचं राहिलं."

निला कोपरावर टेकून उठली. "म्हणजे मला वेड नाही लागलं?"

"नाही."

"आणि किडा?"

"किडा नाही. नस आहे. सगळ्यांना असते."

"कुणी घातलं हे माझ्यात?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुणी म्हणजे? कुणीच नाही."

निलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या तोंडून येत होतं ते रडणं नव्हतं. जनावर कोंडलं की करतं तसा आवाज होता. "मी तिला गॅरेजमध्ये झोपवलं, मानांग," एवढंच मला कळलं.

डॉक्टरांनी त्याच जागेवर सुई दिली. बधिर करायचं तेच औषध, बरोबर सूज उतरवणारं दुसरं. टॉवेलाखालून नाही, आधी सुई दाखवली, बाटलीवरचं नाव वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "बधिरपणा आज उतरेल. दुखणं कदाचित परत येईल. आलं तर पुन्हा देऊ. तरीही टिकलं नाही तर एक लहान शस्त्रक्रिया आहे, नसेची तेवढी फांदी कापायची. मी वचन देत नाही. पण काय चाललंय हे आता आपल्याला माहीत आहे."

त्या संध्याकाळी दुखणं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी निला स्वतः माझ्याकडे आली.

"उद्या मला ब्रदरकडे जायचंय."

"आता कशाला?"

"त्याच्या रांगेत मानोंग प्रुडेन्सियो असतात. त्यांचे डोळे बघितलेस?"

मी बघितले होते. हळदीसारखे पिवळे. ब्रदरनी त्यांच्या पोटातून तीनदा खडे काढले होते आणि डॉक्टरकडे गेलात तर खडे परत येतील असं बजावलं होतं.

रविवारी हॉल तुडुंब भरला होता. निला टेबलावर आडवी झाली. मी बादलीजवळ जाऊन उभी राहिले.

"कुठे, मुली?"

निलानं बोट ठेवलं. डावीकडे.

ब्रदर क्षणभर थबकले. "किडा सरकला," ते हॉलला उद्देशून म्हणाले. "घाबरलाय." टॉवेल, पुटपुट, चावा. बोटं पोटात. लाल ओघळ. काळा गोळा वर. "हा शेवटचा! सगळ्या पिल्लांची आई होती ही!" लोकांनी श्वास सोडला.

निला उठून बसली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं डावीकडे कधीच दुखलं नाही. उजवीकडे दुखायचं, तेही सोमवारपासून थांबलंय. मग ही आई कुणाची काढलीस रे?"

ब्रदरची बायको ओला टॉवेल उचलून बादलीत टाकायला वळली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर झटकला. त्यातून मधुमेहाचे रोगी वापरतात तसली लहानशी पिचकारी पडली, सुईसकट. कापसाच्या ताटात आणखी बोळे होते; मी एक उघडला. आत बोटाच्या पेराएवढी पातळ पिशवी, लाल पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात कोंबडीच्या काळजाचा तुकडा.

"हा किडा," मी म्हणाले. "बाजारात मिळतो. कांद्याबरोबर चांगला लागतो."

कुणी हसलं नाही. मागून एक बाई ओरडली, "पुरा, पाप लागेल! बोटं आत गेलेली आम्ही डोळ्यांनी बघितली!"

"पुढे या, मीही घालते." मी निलाच्या पोटावर हात ठेवला, बोटांची पेरं आत दुमडली, मुठीनं कातडी दाबली. पोट खोलगट झालं, बोटं अर्धी गडप. "आता पिशवी फोडायची की रक्त. नखानं फोडता येते. आणि ही सुई आधीच मारलेली असते, म्हणून जागा थंड पडते आणि तुम्हाला शक्ती वाटते. ही एकच सुई तो सगळ्यांना मारतोय की बदलतोय, ते त्यालाच विचारा. एकाची कावीळ दुसऱ्याला द्यायला ह्याहून सोपा रस्ता नाही."

"शंका!" सेल्सो ओरडला. "हिच्या शंकेनं मांसाचं हे असं झालं! आत्मे रागावले की वस्तू पालटतात!"

"मग आत्म्यांना सांग, पिचकारी पालटा," निला म्हणाली.

त्यानंतर काय झालं ते मी वाढवून सांगत नाही. सगळा हॉल जागा झाला आणि सगळ्यांनी भामट्याला हाकललं, असं नाही घडलं. निम्मे लोक त्याच्यावर धावले. निम्मे आमच्यावर. एका आईनं माझ्या अंगावर थुंकून म्हटलं, "माझ्या पोराला चालता आलं असतं." तिचा पोरगा चाकाच्या खुर्चीत सगळं ऐकत होता. सेल्सो आणि त्याची बायको त्या गोंधळात मागच्या दारानं निघून गेली. दानपेटी विसरली नाहीत.

मानोंग प्रुडेन्सियो तेवढे पायऱ्यांवर थांबले होते. टोपी फिरवत म्हणाले, "पुरा, माझे खडे पण कोंबडीचे होते का गं?"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. स्वादुपिंडात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली. वसंतात शतावरीचा हंगाम सुरू होताना आले असते तर काही करता आलं असतं का, हे डॉक्टर सांगू शकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, विचारायला तरी वेळ उरला असता. शरद ऋतूत ते गेले. त्यांचे शेवटचे दिवस मी आणि निलानं पाळीपाळीनं उशाशी बसून काढले.

निलाचं दुखणं परत आलं, आधीपेक्षा हलकं. आणखी सुया झाल्या. पुढच्या वर्षी ती लहान शस्त्रक्रियाही झाली. तिथे अजून रुपयाएवढी जागा बधिर आहे. कधी हवा पालटली की चुणचुणते. पण ती जेवते, काम करते, मुलाला कडेवर घेते.

आपो सिक्स्ताची गादी निलानं स्वतः उचलून घरात आणली होती. दवाखान्यातून आली त्याच दुपारी. म्हातारीचे पाय धरून म्हणाली, "माफ करा, आई."

म्हातारीनं तंबाखूचा झुरका घेतला. "माफ केलं गं. पण नातू माझ्याकडे यायला घाबरतो. त्याला मी काय सांगू, ते तूच सांग." नातू यायला लागायला बरेच महिने लागले. वाटीतलं पहिलं कालवण त्यानं आधी आईला चाखायला लावलं, ते मी स्वतः बघितलं.

सेल्सो सॅलिनास गावातल्या एका हॉलमध्ये नव्या नावानं टेबल मांडून बसलाय असं कानावर आलं, तेव्हा निला म्हणाली, जायचं. गेलो. तिथल्या लोकांनी आम्हाला दोन वाक्यांपुढे बोलू दिलं नाही, दारातूनच ढकलून बाहेर काढलं. गाडीपाशी आलो, तर एक तरुण बाई पोट धरून आमच्या मागं धावत आली.

"तुम्ही म्हणालात, एका सुईनं जातं. ती सुई मला पण द्या ना. कितीही लांब असू दे, मी येते."

निलानं तिला गाडीच्या बॉनेटला टेकवून उभं केलं. "कुठे दुखतं? बोट ठेवून दाखव."

त्या बाईनं सगळा पंजा पोटावर फिरवला, वरपासून खालपर्यंत. "असं. सगळीकडे. जेवल्यावर जास्त. शौचाला काळं होतं."

निलानं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"तुझं माझ्यासारखं नाही, बाई," निला म्हणाली. "माझी सुई तुझ्या कामाची नाही. ती जादू नव्हती; माझ्या दुखण्यावरचं औषध होतं ते. तुझं दुखणं काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसताना सांगणारा तो आत बसलाय. तू आज इस्पितळात जा आणि जे सांगितलंस ते सगळं तिथे सांग. काळं होतं, ते आधी सांग. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांग. तरी ऐकलं नाही तर दुसरीकडे जा. मी तीन वर्षं गेले. थकशील. पण जो 'कुणी केलं' हे आधी सांगतो आणि 'काय झालंय' हे तपासतच नाही, त्याच्या दारात उभी राहू नको."

ती बाई हॉलच्या दाराकडे बघत राहिली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

"इस्पितळ कुठल्या रस्त्यावर आहे?" तिनं विचारलं.

निलानं गाडीचं मागचं दार उघडलं. "बस," ती म्हणाली. "आम्ही सोडतो."